'मला हा विषय जमतच नाही' म्हणणाऱ्या मुलाशी काय बोलावं? पालकांचे नेहमीचे प्रश्न

पालकसभा संपली की खरे प्रश्न सुरू होतात, गेटजवळ, गाडीला किल्ली लावता लावता. "बाई, एक मिनिट" म्हणून. कोल्हापुरात पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवताना कानावर पडलेले असे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. बहुतेक गणिताचेच आहेत, कारण पोरांचा धीर सगळ्यात आधी तिथंच सुटतो. पण इंग्रजी किंवा विज्ञानालाही यातलं बरंच लागू पडतं.

मूल म्हणतं, "मला गणित येतच नाही." त्यावर लगेच काय बोलायचं?

"असं म्हणू नये" हे पहिलं वाक्य तोंडात येतं, ते गिळा. "येतं की तुला, तू लक्ष देत नाहीस" हे दुसरं. तेही गिळा. दोन्हींतनं मुलाला एवढंच कळतं की आपली अडचण ऐकून घ्यायला कुणी तयार नाही.

"कुठलं आलं नाही, दाखव की" एवढंच म्हणा आणि वही पुढ्यात घ्या. चौथीतल्या एका पोराची वही समजा. ४०२ वजा १७८. त्यानं उत्तर लिहिलंय ३७६. वर लाल फुली. आता त्याला विचारा, "हे कसं केलंस, मला सांग." चूक दाखवायची नाही, नुसतं विचारायचं.

"आठातनं दोन गेले, सहा. सातातनं शून्य गेलं, सात. चारातनं एक गेला, तीन."

"पण वरती दोन होते ना? दोनातनं आठ काढायचे होते."

"ते जातच नाहीत. म्हणून उलटं केलं."

इथं सगळं सापडलं. पोरगं ढ नाही, आळशी तर अजिबात नाही. 'मोठ्यातून लहान जातं' हा लहानपणी शिकलेला नियम ते इमानदारीनं पाळतंय. नियम चुकीच्या जागी लावलाय, एवढंच. शिवाय या गणितात मधोमध शून्य आहे, त्यामुळं शेजाऱ्याकडं हातचा मागायला गेलं तर तिथंही काही नाही. भल्याभल्यांची वजाबाकी या शून्यापाशी अडते.

आता खेळातल्या नोटा काढा, नसतील तर कागदाचे तुकडे चालतील. चार शंभराच्या, दोन सुटे रुपये. "यातले एकशे अठ्ठ्याहत्तर मला दे." पोराला शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घ्याव्या लागतात, त्यातली एक दहाची मोडून दहा सुटे घ्यावे लागतात. हातात राहतात तीन शंभर, नऊ दहा आणि बारा रुपये. त्यातनं १७८ दिले की उरले २२४. मग वहीवरचं ३७६ घ्या आणि त्यात १७८ मिळवायला सांगा. येतात ५५४. चारशे दोन यायला पाहिजे होते. उत्तर चुकलंय हे आता तुम्ही सांगायची गरजच नाही, त्यानंच ताडलं.

आणि मग ते वाक्य बोला ज्यासाठी हा सगळा खटाटोप: "तुला गणित येत नव्हतं असं नाही बाळा. मधे शून्य असलेली हातच्याची वजाबाकी येत नव्हती." 'गणित' एवढा मोठा डोंगर कुणालाच उचलत नाही. एक प्रकारची वजाबाकी दोन संध्याकाळीत जमते. इंग्रजीचंही असंच. 'इंग्लिश कच्चं' म्हणजे स्पेलिंग, की धडा वाचून अर्थ लागत नाही, की वर्गात उभं राहून बोलायची भीती? तिन्हीचे उपाय वेगळे आहेत.

"तू हुशार आहेस, तुला सगळं जमतं" असं सांगून आत्मविश्वास वाढतो का?

फार थोडा, आणि कधी कधी उलटंच होतं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींचे अमेरिकेतले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. झाल्यावर काहींना म्हटलं, 'तू हुशार आहेस.' काहींना म्हटलं, 'तू चांगली मेहनत घेतलीस.' पुढं निवड करायची वेळ आली तेव्हा 'हुशार' ठरलेली मुलं सोप्याकडं वळली, नाव राखायचं होतं ना. मधे मुद्दाम अवघड कोडी देऊन आपटवल्यावर त्यांची पुढची कामगिरी घसरली. मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. आपले गुण दुसऱ्यांना सांगताना फुगवणारीही पहिल्या गटातच जास्त निघाली.

या संशोधनाच्या नावावर पुढं भिंतीवरची पोस्टर आणि सुविचार यांचा सुळसुळाट झाला, ते मला पटत नाही. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत, 'बुद्धी मेहनतीनं वाढते' असं मुलांना शिकवायच्या उपायांचा परिणाम बेताचाच दिसला. आणि 'मेहनत कर, मेहनत कर' हेही नुसतं ओरडून सांगितलं की मुलाला शिवीसारखंच लागतं, कारण मेहनत त्यानं केलेली असते, चुकीच्या रीतीनं केलेली असते.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली 'हे मला जमेल' ही भावना कुठून येते ते मांडलं. चार वाटा सांगितल्या: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघणं, कुणीतरी धीर देणं आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था, म्हणजे छातीत धडधड आहे की शांत आहे. यांत सगळ्यात दमदार पहिली. आपण पालक मात्र सगळा जोर तिसरीवर लावतो.

म्हणजे बोलण्याआधी जमवून द्यायचं. तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी तयार पैलवानावर सोडत नाही, जोड बघून देतो. गणितंही तशीच जोड बघून द्या. दहातली सात-आठ सुटतील आणि दोन-तीन घाम काढतील अशी. सगळी सुटली तर पोराला वाटतं, आई मला लहान समजते. एकही सुटलं नाही तर वही मिटते.

आणि कौतुक करायचं तर बारीक करा. "शाब्बास" पेक्षा "तू आज उत्तर आल्यावर उलटं मांडून तपासलंस, ते चांगलं केलंस" हे पोराच्या डोक्यात राहतं, कारण ते उद्या परत करता येतं.

आमचंच गणित कच्चं होतं. हे मुलासमोर बोलावं का?

लपवायची गरज नाही, पण फुशारकीनंही सांगू नका. "आमच्या घराण्यातच गणित नाही" हे वाक्य कोल्हापुरात मी इतक्या आजोबांच्या तोंडून हसत हसत ऐकलंय! त्यांना गंमत वाटते, नातवाला मात्र आयुष्यभराची सूट मिळते.

यावर २०१५ साली अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठ घ्यायला बसत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची धास्तीही वाढली. धास्ती असूनही जे गृहपाठात फार पडत नव्हते, त्यांच्या मुलांवर हा परिणाम दिसला नाही. म्हणजे नडते ती शेजारी बसून सोडलेले सुस्कारे आणि "अरे एवढं साधं येत नाही?" असं म्हणणारी मदत.

म्हणून तुम्हाला येत नसेल तर शिकवू नका, शिकून घ्या. "आमच्या वेळी हे कसं करायचे ते मी विसरले, तू मला सांग बघू." सांगता सांगता पोराला स्वतःचंच कुठं अडतंय ते दिसतं. दूध संस्थेत दूध घालणाऱ्या घरात फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन घटकांची) पावती रोज येते. सातवी शिकलेली आई ती पावती बघून दर बरोबर लागलाय की नाही हे पटकन ओळखते. त्या आईनं "मला काय कळतंय यातलं" म्हणणं हे खरं तर खोटंच आहे. ती पावती आणि दरपत्रक पोरापुढं ठेवून तिनं विचारावं, "आज फॅट कमी लागली, पैसे किती कमी येणार?" दशांश अपूर्णांकाचा धडा दुसरा काय असतो?

एक धोका मात्र सांगते. असं काही जमलं की लगेच "बघ! तुला गणित येतं की नाही!" म्हणून टाळी वाजवू नका. फुटबॉलच्या मोसमात शाहू स्टेडियमवरच्या मॅचचे गुण आणि गोलफरक तोंडपाठ सांगणाऱ्या पोराला हेच ऐकवतात. पोरं हुशार असतात. त्यांना माहीत असतं की परीक्षेत गोलफरक विचारत नाहीत.

मराठीत ऐंशी, गणितात पासष्ट. पासष्ट काही वाईट नाहीत, तरी मुलगी म्हणते "मी गणितात ढ." असं का?

कारण ती नुसती वर्गाशी नाही, स्वतःशीही तुलना करते. हर्बर्ट मार्श या अभ्यासकानं १९८६ साली हे मांडलं: मूल एका विषयातली आपली पत दोन मापांनी मोजतं, इतर मुलांच्या मानानं आणि स्वतःच्याच दुसऱ्या विषयाच्या मानानं. मराठी फार चांगलं असलं की बरं असलेलं गणितही तिला फिकं दिसतं. मग "ही आमची भाषेवाली" असं घरात नाव पडतं आणि तिचं तिलाही ते पटतं. अशा मुलीला वर्गाची सरासरी दाखवा. आणि पाहुण्यांसमोर मुलांना विषय वाटून देणं बंद करा, "हा गणितवाला, ती गोष्टीवाली" वगैरे.

गावातल्या शाळेत पहिली येत होती. कोल्हापुरात आणल्यापासून गप्पच झाली. तिचं काही बिघडलंय का?

बहुतेक वेळा तिचं काही बिघडलेलं नसतं, आजूबाजूची माणसं बदललेली असतात. राधानगरी, कागल, गडहिंग्लजकडनं पोरं शहरातल्या नावाजलेल्या शाळेत येतात, वर्गातले अर्धे जण आपापल्या शाळेत पहिले आलेले असतात आणि पहिला नंबर तर एकच असतो. तेवढीच गुणवत्ता असलेलं मूल तगड्या वर्गात स्वतःला कमी समजायला लागतं, हेही मार्शनीच दाखवून दिलं. शाळा जितकी निवडून मुलं घेणारी, तितकं हे जास्त.

आईवडिलांना इथं एक मोह होतो: "तिकडं पहिली यायचीस, इथं काय झालं?" हे वाक्य विषासारखं आहे. त्याऐवजी जूनमधली वही आणि आत्ताची वही शेजारी शेजारी ठेवा. जूनमध्ये न सुटणारं काय आता सुटतंय, ते तिलाच शोधू द्या. आणि जुन्या गावच्या मैत्रिणींशी बोलणं तुटू देऊ नका. त्यांच्यात ती अजून 'हुशार' आहे, आणि सुरुवातीचे काही महिने तेवढा आधार पुरतो. दहावीनंतर अकरावीला सायन्सला शहरात येणाऱ्या पोरांचंही हेच होतं, फक्त ती गप्प न होता चिडतात.

सेमी-इंग्लिशला घातलंय. गणित इंग्रजीतून. आता आम्ही मराठीत समजावलं तर गोंधळ होईल ना?

नाही होत. उलट मराठीत समजावणं थांबवलं तर होतो.

आपण लसावि-मसावि म्हणत वाढलो, पोरगं एलसीएम-एचसीएफ म्हणतं. आपला छेद, त्याचा डिनॉमिनेटर. त्यामुळं शिकलेले पालकसुद्धा बिचकतात आणि सगळं क्लासवर सोडतात. पण सेमीतल्या कित्येक मुलांचं गणित कच्चं नसतंच, इंग्रजी वाक्य कच्चं असतं. 'हाऊ मेनी मोअर' दिसलं की 'मोअर'ला भुलून बेरीज करतात, तिथं वजाबाकी असते. 'ईच' आणि 'ऑल टुगेदर' यांत गफलत करतात.

हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. चुकलेलं शाब्दिक उदाहरण पुस्तक मिटून मराठीत तोंडी सांगा, गोष्टीसारखं. "अरे, सुनीलकडं पंचेचाळीस गोट्या, तुझ्याकडं अठ्ठावीस. त्याच्याकडं किती जास्त?" पटकन 'सतरा' आलं तर गणित ठीक आहे. मग पोराला तसंच स्पष्ट सांगा: "तुझं गणित बरोबर आहे, प्रश्न वाचताना अडतंय." हे ऐकल्यावर पोरांचे चेहरे खुलतात, कारण वर्षभर ती स्वतःला गणितात ढ समजत असतात.

उपायही वाचनाचाच. वहीच्या मागच्या पानावर फसवणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी, प्रत्येकासमोर मराठी अर्थ आणि एक छोटं उदाहरण. यादी पोरानं स्वतः करायची. विचार मराठीत करायचा, उत्तर इंग्रजीत लिहायचं, यात काही कमीपणा नाही.

आकड्यांचीही एक भानगड असते. दुकानदार 'एकोणसत्तर' म्हणाला की पोरगं एकोणसाठ की एकोणऐंशी या विचारात पडतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'साठी 'साठ तीन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. ती रीत पटो न पटो, मुलांची अडचण खरी आहे. एकोणतीस ते एकोणनव्वद रोज जेवताना खेळासारखं विचारा, महिन्याभरात बसतं.

मुलीला गणित कमी जमतं, असं असतं का?

नसतं. पण मुलीला तसं वाटायला लावता येतं. अमेरिकेतल्याच २०१० च्या एका अभ्यासात, ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती त्यांच्या पहिली-दुसरीच्या वर्गातल्या मुली वर्षअखेर गणितात मागं पडल्या, मुलगे नाही. वर्गात जशी बाई, तशी घरात आई. भाजीच्या हिशोबाची वेळ आली की "यांना विचारा, पैशाचं तेच बघतात" म्हणणं सोडा.

आमच्या चिरंजीवांना आत्मविश्वास कमी नाही, जास्तच आहे. "सगळं येतंय" म्हणतो आणि पेपरात भोपळा.

हाही आत्मविश्वासाचाच प्रश्न. तो वाचतो, परत वाचतो, हायलाइट करतो. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंय, असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर हे तपासलं. परत परत वाचणाऱ्यांना खात्री जास्त होती, पण आठवड्यानंतर जास्त आठवलं ते पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना.

त्याच्याशी वाद घालू नका. "येतंय ना? छान. दहापैकी किती सुटतील, आधी लिहून ठेव." मग पुस्तक मिटून दहा प्रश्न. आकडा जुळला तर जुळला. नाही जुळला तर तुम्ही गप्प राहा, कागद बोलतो. दोन-चार वेळा झालं की पोरगं स्वतःच आकडा जपून लिहायला लागतं.

बोलायचं कधी? पेपर हातात आला की राग आवरत नाही.

मग त्या वेळी बोलू नका. "पेपर बघितला. जेवून घे, उद्या बसू" एवढं पुरतं. समोरासमोर बसवून चौकशी केली की पोरं मान खाली घालतात. शेजारी शेजारी असताना बरं बोलतात. गाडीवर मागं बसलेलं असताना, रंकाळ्यावर चालताना, शेंगा सोलताना. आणि पेपरातलं पहिलं बोट बरोबर आलेल्या प्रश्नावर ठेवा. "हे कसं सुटलं?" चुकलेल्याकडं तो आपणहून येतो.

चुलतभावाचे मार्क मधे आणू नका. आणि सहावीतल्या पोराला "दहावीत काय होणार तुझं" म्हणून भीती घालू नका. दहावीच्या गणिताला भाग एक आणि भाग दोन मिळून ऐंशी गुणांचे पेपर आणि वीस अंतर्गत, हे त्याला त्या वेळी कळेल.

मोठ्या माणसांची उदाहरणं द्यावीत का?

जयंत नारळीकर १९३८ साली याच कोल्हापुरात जन्मले, हे पोरांना जरूर सांगावं. गावाचा अभिमान म्हणून. पण त्यानं अपूर्णांकाची भीती जात नाही. पोरगं मनात म्हणतं, त्यांचे वडीलच गणिताचे प्राध्यापक होते. धीर येतो तो आपल्यासारख्याकडं बघून. गल्लीतली दोन इयत्ता पुढची ताई, जिला सहावीत हेच जमत नव्हतं आणि आता जमतं, तिला एक दिवस चहाला बोलवा. तिला "काय केलंस" विचारायचं, "किती मार्क" नाही.

शिष्यवृत्तीला बसवावं का? नापास झाला तर खचेल.

बसवा, पण मुलाला विचारून. एकूण तीनशे गुणांची, पर्यायी प्रश्नांची परीक्षा, आणि बुद्धिमत्ता चाचणीचा भाग पोरांना कोड्यांसारखा आवडतो. घरात गुणवत्ता यादीची भाषा सुरू झाली की मजा गेली. रोज पहाटे उठवून प्रश्नपत्रिका सोडवून घेणार असाल तर न बसवलेलं बरं.

क्लास लावावा?

कुठं अडतंय ते सापडल्यावर. आधी नाही. चाळीस पोरांच्या क्लासमध्ये शाळेतलंच पुन्हा फळ्यावर लिहून देणार असतील, तर मूल दोन ठिकाणी गप्प बसायला शिकतं.

सगळं करून झालं, तरी वर्षानुवर्षं तेच. काय समजायचं?

अक्षरं-आकडे उलटे दिसणं, पाचवीतही सात आणि आठ बोटांवर मोजावे लागणं, तोंडी सगळं येऊन लिहिताना कोलमडणं, हे बराच काळ टिकलं तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्याला 'वेडा ठरवतील' म्हणून घाबरायचं कारण नाही. बुद्धी चांगली असलेल्या मुलांनाही हे असतं. चौकशीची सुरुवात शाळेतून किंवा सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यातून करता येते. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळेसारख्या सवलती आहेत. आणि मूल शाळेच्या नावानं जेवण टाकत असेल, रात्री झोपत नसेल, "माझा काही उपयोग नाही" असं म्हणत असेल, तर विषय बाजूला ठेवा आणि १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

शिक्षकांना भेटायला गेल्यावर नेमकं काय विचारायचं?

"कसा आहे अभ्यासात?" असं विचारलंत तर "ठीक आहे, लक्ष द्या जरा" हेच उत्तर मिळणार. मीही तेच देते, मागं रांग असते. त्यापेक्षा चुकलेला पेपर घेऊन या आणि विचारा, "यातली कुठली चूक परत परत होतेय? त्याच्या मागचा कुठल्या इयत्तेतला भाग कच्चा आहे? घरी कुठली दहा उदाहरणं करून घेऊ?" पोराला बाहेर उभं करू नका, शेजारी बसवा. त्याच्याबद्दल बोलताना त्याच्याकडं बघा. आणि पालकसभेच्या दिवशी येण्यापेक्षा मधल्या एखाद्या दिवशी, शाळा सुटल्यावर, आधी निरोप देऊन या. त्या वेळी आमच्याकडं पंधरा मिनिटं असतात.